कुपवाडची कन्नड : शब्द वेगळे, बांधणी एक

मुळशी तालुक्यातील उरवडे हे गाव मराठी मुलखाच्या पोटातले आहे. कर्नाटकाची सीमा येथून पुष्कळच दूर राहिली. तरीही उरवडे-पिरंगुट परिसरात कारखानदारी उभी राहिल्यापासून देशाच्या निरनिराळ्या भागांतील श्रमिक या बाजूस येऊ लागले आणि पुणे शहराच्या परिघावरील इतर गावांप्रमाणेच परभाषक कुटुंबांचा प्रश्न येथील शिक्षकांसमोर व पंचायत सदस्यांसमोर उभा राहिला. पुणे परिसरातील बांधकामांवर आणि कारखान्यांत राबणाऱ्यांमध्ये विजयपूर, कलबुर्गी, यादगीर या जिल्ह्यांतील कन्नडभाषक कुटुंबे आहेत. तशीच आपल्याच राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील सीमाभागातून आलेलीही आहेत. अशा घरातील मूल शाळेत दाखल झाले की थोड्याच दिवसांत त्याच्याविषयी एक शेरा ऐकू येतो : याला धड मराठी येत नाही आणि धड कन्नडही येत नाही.

हा शेरा कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सीमाभागातील कन्नड ही पुस्तकी कन्नडहून वेगळी का आहे आणि तेथील मराठीही पुणेरी मराठीहून वेगळी का आहे, या प्रश्नाचे उत्तर सांगली जिल्ह्यातील एका गावाने जगाला दिले आहे. गावाचे नाव कुपवाड. भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ते नाव परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आपल्याकडे मात्र कुपवाड म्हटले की औद्योगिक वसाहत आठवते.

एका गावातील चार भाषा

कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी कुपवाडच्या भाषाव्यवहाराचा अभ्यास करून आपला निबंध १९७१ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी कुपवाड हे मिरज तालुक्यातील सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. गावात चार भाषा नांदत होत्या. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित व भूमिहीन मजूर वर्गात मराठी, आणि दोर वळण्याचा धंदा करणाऱ्या थोड्या कुटुंबांत तेलुगू. जमिनीची मालकी प्रामुख्याने जैन आणि मुसलमान शेतकऱ्यांकडे होती. हे समाज एकमेकांच्या शेजारी, एकाच शिवारात, अनेक शतके राहत आलेले होते.

गावातील बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत असत. सकाळी घरात कन्नड बोलणारा शेतकरी मजुराशी मराठीत बोले, शेजारच्या मुसलमान शेतकऱ्याशी प्रसंगी उर्दूत, आणि चारचौघांत बहुधा मराठीतच. मराठी ही गावाची सामायिक भाषा का झाली, याचे या अभ्यासकांनी दिलेले कारण मार्मिक आहे. ती दोन्ही मोठ्या जमीनधारक समाजांपैकी कोणाचीच घरची भाषा नव्हती. कन्नडभाषकाने उर्दू पत्करली काय किंवा उर्दूभाषकाने कन्नड पत्करली काय, कोणीतरी कोणापुढे नमते घेतल्यासारखे झाले असते. मराठीत बोलण्याने कोणाचाच मान कमी होत नव्हता. शिवाय ती बाजाराची, कचेरीची आणि शाळेचीही भाषा होती, ही गोष्ट निराळी.

आता सर्वसाधारण अनुभव असा की, एखादी सामायिक भाषा मिळाली म्हणजे लहान समाजांच्या घरगुती भाषा दोनतीन पिढ्यांत मागे पडतात. कुपवाडात तसे घडले नाही. घरातील बोलणे, नात्यागोत्यातील व्यवहार, धार्मिक कृत्ये हे क्षेत्र प्रत्येक समाजाने स्वतःकडे राखून ठेवले आणि त्या क्षेत्रात आपली भाषा टिकवली. आपला कोण आणि परका कोण, हे उंबऱ्याच्या आतील भाषेवरून ठरे. मात्र भाषा टिकली म्हणजे ती जशीच्या तशी राहिली असे नव्हे. लोक दिवसातून दहा वेळा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात होते. त्या येण्याजाण्याने भाषांची आतील बांधणी झिजत झिजत एकमेकींसारखी झाली. बदलले नाहीत ते शब्द.

एकच वाक्य, तीन पोशाख

हे कसे घडते ते उदाहरणावाचून ध्यानात येणार नाही. पाला तोडून आणल्याचे कुपवाडचा मराठी माणूस सांगतो : ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ तेथील उर्दू बोलणारा म्हणतो : ‘पाला जरा काट के ले के आया.’ कन्नड बोलणारा पाल्याला आपल्या भाषेतील ‘तप्पल’ या शब्दाचे स्थानिक रूप वापरतो, ‘जरा’ हा शब्द तसाच ठेवतो, आणि पुढे कापणे, घेणे व येणे या तीन क्रियांसाठी कन्नड धातू त्याच क्रमाने मांडतो. ‘कापून’ आणि ‘घेऊन’ यांतील ‘ऊन’च्या जागी कन्नडचा प्रत्यय येतो, एवढेच. तिन्ही वाक्यांत पहिल्या जागी पहिला शब्द, दुसऱ्या जागी दुसरा, प्रत्ययाच्या जागी प्रत्यय. एका वाक्यावर दुसरे वाक्य ठेवले तर कडेला कड जुळावी. शब्द मात्र प्रत्येकाचा स्वतःचा.

प्रमाण कन्नडमध्ये ‘हे तुमचे घर आहे’ हे सांगताना क्रियापदाची गरज नसते. ‘इदु निम्म मने’ म्हणजे शब्दशः ‘हे तुमचे घर’. वाक्य तेथेच पुरे होते. मराठीत ‘आहे’ लागते, उर्दूत ‘है’ लागते. कुपवाडच्या कन्नडनेही शेवटी क्रियापद घेतले : ‘इद निम्द मनी ऐति.’ यातील ‘ऐति’ हा शब्द उत्तर कर्नाटकातील कन्नडचा आहे, मराठीतून आणलेला नाही. परंतु तो या जागी येऊन बसला तो शेजारच्या भाषांच्या सवयीने. याच वाक्यातील दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. प्रमाण कन्नडमध्ये नामाच्या आधी येणारे ‘निम्म’ आणि विधान करताना वापरायचे ‘निम्मदु’ अशी दोन रूपे आहेत. तसेच ‘ई’ आणि ‘इदु’. मराठीत ‘तुमचे घर’ यातही ‘तुमचे’ आणि ‘घर तुमचे’ यातही ‘तुमचे’च. कुपवाडच्या कन्नडने मराठीप्रमाणे दोन्हीकडे एकच रूप चालवले. म्हैसूरकडील शिक्षकाला हे अशुद्ध वाटेल. गावाच्या दृष्टीने पाहिले तर एक जादा नियम कमी झाला आणि तिन्ही भाषांत ये-जा करणे सोपे झाले.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही, हे आपल्या मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. कन्नडमध्ये लिंगाचा हिशेब सरळ आहे. पुरुष तो पुल्लिंगी, स्त्री ती स्त्रीलिंगी, आणि बाकी सारे जग नपुंसकलिंगी. मराठीत नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी, झाड नपुंसकलिंगी. याचे कारण विचाराल तर मोठमोठे वैयाकरणही निरुत्तर होतात. कुपवाडच्या मराठीने हा घोळ कन्नडच्या नियमाने मिटवला. प्रमाण मराठीत नदीला पूर आला म्हणजे ‘नदी आली’. कुपवाडच्या मराठीत क्रियापद नपुंसकलिंगी येते, कारण नदी काही बाई नव्हे. तेथील उर्दूनेही हाच मार्ग धरला आणि ‘नदी आयी’ न म्हणता ‘नदी आया’ म्हटले.

प्रश्नाचेही तसेच. प्रमाण उर्दूत ‘क्या’ हा शब्द वाक्याच्या आरंभी येतो. मराठीत ‘घोडा दाखवला काय?’ असे आपण शेवटी विचारतो. कुपवाडच्या उर्दूने आपला ‘क्या’ उचलून शेवटी नेला. प्रमाण कन्नडमध्ये क्रियापदाच्या अंती एक दीर्घ स्वर लावून प्रश्न होतो. कुपवाडकडे आणि एकूणच उत्तरेकडील कन्नडमध्ये ‘काय’ या अर्थाचा शब्द शेवटी येतो. मराठीत ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणारा धरला की सोडला याचा भेद आहे. प्रमाण उर्दूत तो नाही. कुपवाडच्या उर्दूने तोही उचलला. एकंदरीत पाहता सर्वांत अधिक बदल तेथील उर्दूत झाला, असे या अभ्यासकांच्या मांडणीवरून दिसते.

सीमा नंतरची, शेजार आधीचा

कुपवाड हे अपवादात्मक गाव आहे, असे मात्र समजू नये. अभ्यासकांची नजर तेथे पडली म्हणून ते प्रसिद्धीस आले. कृष्णा आणि भीमा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत असा शेजार गावोगाव होता व आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी आपली वचने कन्नडमध्ये रचली. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत मध्ययुगीन कन्नड शिलालेख मिळतात, त्याचप्रमाणे कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी प्राचीन मराठीतील लेख कोरलेला आहे. आपल्या घरातील अण्णा, अप्पा आणि अक्का, ताटातले तूप, पानसुपारीच्या तबकातला अडकित्ता, आणि हरवलेली वस्तू ‘हुडकणे’ हे सारे कन्नडशी नाते सांगणारे शब्द आहेत. उलट धारवाडकडचा कन्नड माणूस ‘बरोबरि’ म्हणतो आणि अडचणीला ‘अडचणे’ म्हणतो. ‘येतो म्हणून सांगितले’ यातील ‘म्हणून’ची लकबही थेट कन्नडच्या धाटणीची आहे.

राज्यांच्या सीमा त्यामानाने कालच्या. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. नकाशावर रेघ ओढताना अलीकडची भाषा अलीकडे आणि पलीकडची पलीकडे अशी वाटणी कोणालाही करता आली नसती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कन्नड ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे दहा लाख होती. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत त्यांची वस्ती दाट आहे.

या समाजांकडे केवळ भाषिक अल्पसंख्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा ही संस्था १८९९ सालापासून या भागात शिक्षणप्रसाराचे कार्य करीत आली आहे. घरी कन्नड आणि सार्वजनिक जीवनात मराठी, ही विभागणी या समाजांनी स्वतः, कोणत्याही शासकीय आदेशावाचून, घालून घेतली होती. आपल्या तंजावरच्या मराठी मंडळींनीही हेच केले. व्यंकोजी राजांच्या काळापासून तमिळ मुलखात राहूनही त्यांनी घरात मराठी राखली, आणि त्या मराठीवर तमिळची छाया पडली. तंजावरच्या मराठीचे आपण कौतुक करतो. ते कौतुक कुपवाडच्या कन्नडच्या वाट्यास येण्यास हरकत नसावी.

गाव बदलले

गम्पर्झ-विल्सन यांनी पाहिलेले कुपवाड आज त्या स्वरूपात उरलेले नाही. तेथे औद्योगिक वसाहत झाली, बाहेरगावचे कामगार आले, आणि १९९८ साली सांगली व मिरजेबरोबर कुपवाडही महानगरपालिकेत सामील झाले. ज्या शिवारात चार भाषांचे लोक एका बांधावर उभे राहून बोलत, तेथे आता कारखाने आणि वसाहती आहेत. शाळा, वृत्तपत्र, दूरचित्रवाणी, कचेरी यांच्या द्वारे प्रमाण मराठी प्रत्येक घरात पोहोचली. पूर्वी मराठी ही गावाच्या चावडीवरची भाषा होती. आता ती मुलांच्या अभ्यासाची आणि नोकरीचीही झाली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भाषाशास्त्राच्या अभ्यासक सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर कुपवाडचा पुन्हा अभ्यास करून २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावातील भाषांचे एकमेकींत शब्दागणिक रूपांतर होते, ही जुनी मांडणी कितपत टिकते, याची चिकित्सा त्यांनी केली. शास्त्रात असे फेरतपासणीचे काम नव्या शोधाइतकेच मोलाचे असते. एकदा प्रसिद्ध झालेले उदाहरण पाठ्यपुस्तकातून पाठ्यपुस्तकात जात राहते, आणि ज्या गावावरून ते घेतले ते गाव दरम्यान पुढे गेलेले असते.

शाळेच्या दारात

आता आरंभीच्या शेऱ्याकडे वळू. सीमाभागातील कन्नड घरातून आलेले मूल मराठी शाळेत ‘नदी आलं’, ‘गाडी गेलं’ असे बोलले, तर शिक्षक ती चूक म्हणून खोडतो. प्रमाण मराठी शिकवणे हे त्याचे कर्तव्यच आहे, तेव्हा खोडण्यावर आक्षेप नाही. परंतु मूल येथे गोंधळलेले नसते. त्याच्या डोक्यात एक पक्का नियम असतो आणि तो त्याने अचूक लावलेला असतो. नियम दुसऱ्या भाषेचा आहे, इतकेच. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो ‘नदी’, ‘गाडी’, ‘भाकरी’ असे शब्द एकत्र घेऊन मराठीचा वेगळा नियम समजावून देईल. ज्याला ठाऊक नाही तो त्या मुलाला मंद ठरवील. दोघांच्या हाताखालून जाणाऱ्या मुलांच्या पुढील शिक्षणात किती अंतर पडेल, ते सांगावयास नको.

शब्दांच्या पातळीवरील गैरसमज तर पदोपदी होतात. प्रमाण कन्नडमधील शेवटचा ‘ए’ उत्तरेकडील कन्नडमध्ये ‘इ’ होतो. म्हणून ‘मने’ म्हणजे घर, ते ‘मनी’ होते. ‘होळे’ म्हणजे नदी, ती ‘होळी’ होते. ‘कुदुरे’ म्हणजे घोडा, तो ‘कुद्री’ होतो. मूल ‘होळी’ म्हणाले आणि शिक्षकाने शिमगा समजला, तर दोष कोणाचा? ‘बर्री’ हा शब्द ऐकून कोणी उर्मटपणाचा ग्रह करून घेईल. वस्तुतः त्यातील ‘री’ हा आदरार्थी आहे आणि शब्दाचा अर्थ ‘या’ असा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क अन्वये भाषिक अल्पसंख्य वर्गांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावयाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. त्यानुसार सांगली व सोलापूर जिल्ह्यांत जिल्हा परिषदांच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि बालभारती कन्नडमधूनही पाठ्यपुस्तके काढते. ही व्यवस्था स्तुत्य आहे. मात्र येथेही एक खाच आहे. पाठ्यपुस्तकाची कन्नड ही प्रमाण कन्नड असते. ‘मनी ऐति’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मने’ आणि ‘इदे’ नव्यानेच शिकावे लागते. म्हणजे मराठी शाळेत त्याची कन्नड आडवी येते, आणि कन्नड शाळेत त्याचीच कन्नड पुन्हा अशुद्ध ठरते. माध्यम निवडून दिले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलाच्या बोलीतील शब्दांपासून प्रमाण शब्दांकडे जाण्यास काही महिने दिले, तर दोन्ही माध्यमांत लाभ होतो. त्यासाठी फार खर्च येत नाही; शिक्षकाजवळ त्या बोलीतील शेदोनशे शब्द असावे लागतात. ते शब्द पालकांकडूनच मिळतात.

ग्रामसभेच्या बाबतीतही थोडे सांगणे अवश्य आहे. कुपवाडच्या अभ्यासात अनेक भाषा येत असत त्या मुख्यतः पुरुषांना, हे मागे आलेच आहे. पुरुष बाजारात, शेतीत, कचेरीत वावरतो व भाषा उचलतो. स्त्रीचा वावर जेथे घरापुरता राहिला, तेथे तिची भाषाही घरापुरती राहते. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या गेल्या आहेत आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. कन्नडभाषक वस्ती असलेल्या गावी या सभेत विषय घरच्या बोलीत समजावून सांगणारी एखादी जाणती बाई असली, तर प्रश्न विचारले जातात. सूचना फलकावरची मराठी सूचना सर्वांनी वाचली असे कागदोपत्री धरून चालल्याने ते होत नाही.

अशा बोलींची नोंद शासकीय कागदांत स्वतंत्रपणे येत नाही. जनगणनेत त्या ‘कन्नड’ या एकाच शीर्षाखाली जातात. नीलगिरीतील बडगांची भाषा मात्र त्याच शीर्षाखाली वेगळी दाखवली जाते, कारण ती बोलणारे आपल्या भाषेचे नाव बडग असे सांगतात. कुपवाडच्या किंवा जतच्या कन्नडला असे वेगळे नाव नाही. बोलणारे तिला केवळ ‘कन्नड’ म्हणतात. त्यामुळे ती किती घरांत उरली आहे, हे आकड्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अलीकडे हाती घेतले. त्यातून सीमाभागातील मराठीचे नमुने उपलब्ध होत आहेत. तेथील कन्नडच्या बाबतीत गावातील शिक्षकाची वही हेच पहिले साधन ठरू शकते. शाळेच्या नोंदवहीत ‘मातृभाषा’ हा रकाना असतो. दाखल्याच्या दिवशी गर्दीत तो पुष्कळदा अंदाजाने भरला जातो. पालकाला विचारून, तो सांगेल ती भाषा आणि शक्य तर त्याचे मूळ गाव व तालुका यांची नोंद शेजारी केली, तर उरवड्यासारख्या गावातील शाळेलाही आपल्या वर्गात कोणत्या भागाची कोणती बोली आली आहे, हे जून महिन्यातच समजेल.